रुळांवरचे मैल

रेल्वेच्या टाइमटेबल ऑफिसात मी तीस वर्षं काढली. बडोद्याच्या आमच्या नागरवाड्यात कुणाला गावाला जायचं असलं की आधी माझ्या ओट्यावर येणार. 'वामनराव, पुणं किती मैल? गाडी कितीला?' सगळं तोंडपाठ. त्याची घमेंडही होती मला, खोटं कशाला बोलू?

त्या माघात शेजारचे दिनकरराव संध्याकाळी अचानक गेले. एकुलता एक मुलगा लक्ष्मण, तो नोकरीला कराचीत. त्याला तार केली आणि रात्रभर थांबलो. सकाळी आठला त्याची तार आली. टपालाच्या विमानात जागा मिळाली होती. सातला निघून अमदावादला उतरणार, तिथून गाडीनं बडोदे. 'थांबा,' असं शेवटी लिहिलं होतं.

"थांबू या," लक्ष्मणची आई, अहल्यावहिनी म्हणाल्या. "लेकाच्या हातचा अग्नी मिळू दे त्यांना."

भटजी अडले. "एक रात्र ठेवलं, दुसरी नाही ठेवता येणार. दिवस मावळायच्या आत पोचेल का तो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ऐटीत कागद-पेन्सिल घेतली. कराची, सिंधमधलं हैदराबाद, मारवाड, अमदावाद. सातशे मैलांच्या वर. विमान तासाला शंभर मैल. म्हणजे सात तास, मध्ये तेल भरायला दीड तास. अमदावादला साडेतीन. त्यापुढची गाडी बडोद्याला रात्री आठला.

माझी मुलगी मृदुला शाळेचा नकाशा घेऊन आली. "दादा, यात तर अंतर निम्मंच दिसतंय."

"गप्प बस," मी खेकसलो. "आली मोठी मला शिकवायला!"

वहिनींनी पुन्हा विचारलं, "वामनभावजी, नक्की?"

"वहिनी, जन्मभर हेच केलंय मी. नाही पोचत तो."

बाराला उचललं. दिनकररावांच्या पुतण्यानं, माधवनं अग्नी दिला.

खासवाडीच्या स्मशानातून परतून आंघोळी उरकत होतो, तोच दारात टांगा थांबला. पावणेतीन वाजले होते. लक्ष्मण उतरला तो बोलतच, "सरळ कच्छच्या रणावरून आलो, चार तासांत अमदावाद..." आमचे ओले पंचे बघितले आणि तो थांबला.

रणावरून. रेल्वे रणाला आणि मारवाडला वळसा घालून येते, विमानाला कशाला हवा वळसा? पण माझ्या टाळक्यात विमानसुद्धा रुळांवरूनच चाललं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"मी पोचणार नाही असं कोण म्हणालं?" लक्ष्मणनं विचारलं.

कुणी माझं नाव घेतलं नाही. भटजी खाली बघत राहिले. माधव आत निघून गेला. त्यापेक्षा कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

लक्ष्मण माझ्याकडे आला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागला. "काका, तुम्ही कुठे होतात हो? तुम्हाला मैल न् मैल ठाऊक. तुम्ही एक शब्द टाकला असता तर सगळे थांबले असते."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मी घरी नव्हतो रे तेव्हा," मी म्हणालो.

अहल्यावहिनींनी ते ऐकलं. तरी त्या काही बोलल्या नाहीत.