सेनापतीच्या तोंडी आल्याचा रस

नाटक कंपनीतल्या प्रॉम्प्टरला सगळे कुजबुजे म्हणत. वीस वर्षं विंगेतल्या स्टुलावर बसून दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटली, तर माणसाचा आवाज बसतोच. यांचा बसला तो पुन्हा उठलाच नाही. घराला आग लागली असती तरी कुजबुज्यांनी ती बातमी शेजाऱ्याच्या कानातच सांगितली असती.

त्यांची खरी गरज होती ती सेनापतीला. सेनापती म्हणजे कंपनीचा मुख्य नट. उंचापुरा, देखणा, आणि आवाज असा की पहिल्या रांगेतल्यांच्या टोप्या तिसऱ्या रांगेत सापडत. पाठांतराच्या नावाने मात्र आनंद. अकरा वर्षांत गड्याने एक ओळ पाठ केली नव्हती. विंगेतून कुजबुजे जे म्हणतील ते त्याच्या कानातून शिरे आणि डोक्याला अजिबात तसदी न देता तोंडातून गडगडत बाहेर पडे. एकदा मरणाच्या प्रसंगात कुजबुज्यांना शिंक आली, तर मेलेला सेनापतीही शिंकला होता.

त्या हिवाळ्यात फ्लूची साथ आली आणि कंपनीतले लोक पत्त्यांसारखे आडवे झाले. आधी कपटी प्रधान, मग दोन पहारेकरी, मग आख्खा दरबार. दोन प्रयोग रद्द झाले. मालकांनी कुजबुज्यांना बोलावून दारातच उभं केलं.

"रविवारचा दुपारचा प्रयोगही रद्द झाला, तर थिएटर फर्निचरवाल्याला देतोय. कपाटं कुठे लावायची याची मापंसुद्धा घेऊन गेलाय तो. बाकी कोणी पडलं तर पडू दे, टोप घालून मी उभा राहीन. पण तुम्ही पडलात, तर सेनापती मुका."

कुजबुज्यांनी हे घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने पदर खोचला. आता ही बाई अशी की गल्लीत कोणी खोकलं तर खिडकीतून त्याच्या हातात लिंबू पडे. कंपनीत तिला सगळे काकू म्हणत आणि तिच्या हातातला डबा दिसला की पांगत.

"अहो, रविवारपर्यंत तुम्हाला साधं पडसं जरी झालं, तर माझं नाव बदला," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक लागलं. दर दोन तासांनी काहीतरी. सहाला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आठला लसणाच्या चार पाकळ्या, दहाला लिंबाचं गरम पाणी, बाराला मिरपूड घातलेलं भाज्यांचं सूप. शिवाय बाहेरून आलं की साबणाने हात धुवायचे, खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि नऊच्या ठोक्याला अंथरुणात. या शेवटच्या तीन गोष्टींना चव नव्हती, म्हणून कुजबुज्यांना त्या फार आवडल्या.

लसणाने ताप अडतो की नाही हे लसणालाच ठाऊक. माणसं मात्र अडली. बुधवारपर्यंत कुजबुज्यांच्या चार हात जवळ कोणी येईना. बसमध्ये त्यांना आख्खं बाक मिळू लागलं. तालमीला सेनापती विंगेपाशी आला की नाकाला अत्तराचा रुमाल लावी, आणि पाहणाऱ्याला वाटे की काय हा विरह.

अशा रीतीने रविवार उजाडला आणि कुजबुजे ठणठणीत होते. थिएटर भरलं. मालक टोप घालून, भाला धरून पहारेकऱ्याच्या जागी उभे राहिले. राणीचं काम करणाऱ्या बाई नुकत्या तापातून उठल्या होत्या, तरी उभ्या होत्या. पहिला अंक निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्यात सेनापती युद्धावर निघण्याआधी राणीचा निरोप घेतो, तिथे चार वाजले आणि विंगेत काकू आल्या, हातात वाटी घेऊन.

"अहो, आल्याचा रस आणि मध. वेळ झाली."

कुजबुज्यांनी पुस्तकावरून मान वर केली आणि वीस वर्षांच्या सवयीने पुटपुटले, "आत्ता नको गं, जरा थांब."

"आत्ता नको गं," रंगमंचावर सेनापती गरजला, "जरा थांब."

राणी मुरलेली नटी. तिने पदराचं टोक डोळ्याला लावलं. "थांबते, नाथ. जन्मभर थांबेन."

कुजबुजे पेचात पडले. आता बायकोला गप्प म्हणावं, तर सेनापती राणीला गप्प म्हणणार. त्यांनी हाताने 'जा' अशी खूण केली. काकूंना ती 'दे' अशी वाटली, किंवा वाटून घेतली. त्यांनी आख्खा चमचा नवऱ्याच्या तोंडात रिकामा केला.

आलं जुनं होतं. कुजबुज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, घसा पेटला आणि आवाज होता नव्हता तोही गेला. तिकडे सेनापती तोंड उघडून उभा. एक क्षण, दोन, पाच. प्रेक्षकांत कोणीतरी खाकरलं. कोपऱ्यात मालकांचा भाला थरथरू लागला. त्यांना डोळ्यांपुढे कपाटं दिसत असावीत.

कुजबुज्यांनी पुस्तक बायकोच्या हातात कोंबलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

काकूंनी चष्मा पुसला आणि वाचू लागल्या. "राणी, मी रणांगणावर निघालो आहे." सेनापतीने ते दुमदुमवलं. "तुझ्या आठवणीचं चिलखत माझ्या छातीवर असेल." तेही दुमदुमलं. कुजबुजे सुटकेचा श्वास घेणार, तोच काकूंची नजर राणीच्या पायांकडे गेली.

"अगं बाई, तापातून उठलीस आणि अनवाणी उभी आहेस?"

सेनापतीने छातीवर हात ठेवून तेच विचारलं. त्यात इतकी माया होती की राणीला खरोखर रडू आलं.

"मोजे घाल," सेनापती म्हणाला. "मी परत येईपर्यंत रोज गरम सूप पी. नऊला झोप. आणि हात धूत जा, राणी, हात धूत जा."

"कोणासाठी धुऊ, नाथ?" राणीने विचारलं.

काकूंना प्रश्नच कळेना. "कोणासाठी म्हणजे? स्वतःसाठी."

सेनापतीने ते असं म्हटलं की छताची धूळ खाली आली. थिएटर टाळ्यांनी असं हादरलं की मालकांच्या डोक्यावरचा टोप नाकावर आला. बायका हुंदके देत होत्या. असा काळजी घेणारा सेनापती, त्या म्हणाल्या, कुठल्याच युद्धावर पाठवू नये.

पडदा पडल्यावर मालक भाल्यासकट विंगेत आले.

"पुढच्या रविवारची तिकिटं आत्ताच मागतायत. हाच प्रवेश हवाय म्हणे. फर्निचरवाल्याने स्वतःच चार घेतली. काकू, ते सगळं पुस्तकात लिहून द्या."

"मी नाही बाई लिहीत. हे लिहितील," काकू म्हणाल्या.

कुजबुज्यांनी कानामागची पेन्सिल काढली. घसा अजून जळत होता, पण मन कसं निवांत होतं. शिशाचं टोक जिभेला लावून ते समासात लिहू लागले. बायको खांद्यावरून वाकून बघत होती.

"मोज्यांच्या आधी 'लोकरीचे' घाला," ती म्हणाली. "आणि सूप नुसतं नका लिहू. त्यात मिरपूड किती, तेही सेनापतीला सांगू दे."