टाकीतले तीन ठोके

जमिनीखालची पाण्याची जुनी टाकी रिकामी झाली, आणि ती बघायला उतरलेल्या बहीण-भावाला वेड लागायचंच बाकी राहिलं. खांबांमागे खांब, वर कमानी, आणि टाळी वाजवली तर आवाज सगळीकडे निवांत फिरून परत यायचा. ताई व्हायोलिन वाजवायची, धाकटा गायचा. सहा फुटांचा गडी, पण घरात टिल्लूच. आधीपासून काही बसवायचं नाही, टाकी सुचवेल तसं गायचं-वाजवायचं, असं ठरलं. डावी-उजवीकडे एकेक माइक लावला. नियम ताईने केला, तिला नियमांची भारी हौस: मध्ये बोलायचं नाही, थांबायचंच असेल तर खालच्या लोखंडी पाइपवर टॉर्चने तीन ठोके.

धाकटा गुणगुणत खांबांआड गेला. जरा वेळाने त्याचा सूर तुटला आणि तीन ठोके आले. पुन्हा तीन.

ताईला कळलं. कळलं नाही म्हणायची सोयच नाही. पण टाकीने ते ठोके असे काही घोळवून परत पाठवले की तिचा गज आपसूक त्यांच्या लयीत फिरू लागला. एवढं होऊ दे, मग जाते, असं ती स्वतःला बजावत राहिली. ज्या खांबापाशी आवाज सगळ्यांत गोड लागत होता, तिथून ती पाऊलभरही हलली नाही. ठोके मंदावले, तशी तिनेही लय उतरवली. असं वाजवणं तिच्या हातून उभ्या जन्मात झालं नव्हतं. ठोके थांबले, तेव्हा ती धावली.

शेवाळावरून घसरून त्याची छाती पाइपवर आपटली होती. बरगडी फुफ्फुसात घुसलेली, तोंडातून शब्द फुटत नव्हता. जिवावरचं दुखण्यावर निभावलं, पण गाण्याचा दमसास गेला तो गेलाच. लवकर आणलं असतं तर, हे डॉक्टरांना विचारायची ताईची छाती झाली नाही. ती रेकॉर्डिंग पुसायला बसायची आणि ऐकतच राहायची. ते अजून आवडतं, याची तिला जास्त लाज वाटायची.

शेवटी धाकट्याने हट्टाने ते ऐकायला घेतलं. ठोक्यांपाशी आल्यावर हसला.

"हे कापू नकोस हं ताई. वाजवत वाजवत मला शोधत होतीस ना? ते ऐकू येत होतं म्हणून टिकलो. नाहीतर केव्हाच हातपाय गाळले असते."



त्याने तो भाग पुन्हा लावला. तयार कान त्याचा. ठोके उजवीकडे, व्हायोलिन डावीकडे. शोधत येणाऱ्या माणसाचा आवाज जवळ सरकायला हवा, तो जागचा हलत नव्हता. त्याने हेडफोन उलटा घालून पाहिला. मग काढून मांडीवर ठेवला आणि वायर बोटाला गुंडाळत बसला.

"हेडफोन बिघडलाय बहुतेक," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"नाही रे टिल्लू," ताई म्हणाली. "हेडफोन चांगला आहे."