संध्याकाळची वेणी

“घरात उंदीर आहेत का?” डॉक्टरांनी विचारलं आणि सासूबाईंचा पारा चढला. आपल्या घरात डबा उघडा राहत नाही, ओटा दिवसातून तीनदा पुसला जातो, उंदराची काय बिशाद, हे सगळं त्यांनी धाप लागलेली असतानाही पूर्ण ऐकवलं. डॉक्टर त्यांच्या हाताकडे बघत होते. ॲलर्जीच्या तपासणीसाठी हातावर थेंब टाकून सुई टोचली होती. धूळ, परागकण, बुरशी, मांजर, झुरळ, सगळ्या जागा सपाट. उंदराच्या थेंबाखाली मात्र हरभऱ्याएवढी गांधी उठली होती.

शेजारच्या खुर्चीतल्या सुनेने कपाळाला हात लावला. घरात उंदीर नव्हतेच. उंदीर तिच्या प्रयोगशाळेत होते, पिंजऱ्यांच्या रांगाच्या रांगा.

ती दम्यावरच संशोधन करत होती. श्वासनळीतल्या नसांच्या टोकांतून न्यूरोपेप्टाइड नावाचे इवलेसे रेणू पाझरतात. ॲलर्जीने आधीच चिडलेली नळी त्यांच्यामुळे आणखी सुजते, आवळते. ते पाझरणं अडवता येईल का, एवढाच प्रश्न, आणि त्याच्यापायी तिची उमेदीची वर्षं उंदरांच्या सहवासात गेली होती. शोधनिबंध पाठवला की परीक्षक म्हणायचे, आणखी एकदा करून दाखवा. घरी आलं की परगावची नणंद फोनवर म्हणायची, दिव्याखाली अंधार, जगाचा दमा बरा करायला निघालीय आणि इथे माझी आई धापा टाकतेय. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून राग जास्त यायचा.

त्या रागात तिने घर उलथंपालथं केलं. पडदे उतरवले, गालिचा देऊन टाकला, कुंड्या शेजाऱ्यांच्या गळ्यात मारल्या. सासूबाईंची जुनी कापसाची गादीसुद्धा फेकली, तेव्हा त्यांनी अबोला धरला. दर वेळी ती विचारायची, आई, धाप नेमकी कधी लागते? पहाटे, त्या ठामपणे सांगायच्या. मग ही शहाणी पहाटेचं कारण शोधत बसायची. कधी गारवा, कधी उशी, कधी बंद खिडकी.

उंदरांच्या खोलीत तिच्या अंगावर झगा असायचा, हातमोजे असायचे, तोंडावर मास्क असायचा. टोपी मात्र जाड वेणीवर कधी धड बसलीच नाही. वेणी बाहेर लोंबायची. संध्याकाळी घरी आल्यावर तीच वेणी सासूबाई सोडवायच्या, विंचरायच्या आणि पुन्हा घालून द्यायच्या. मुलगा दूर नोकरीला, घरात दोघीच. दिवसभरात त्या दोघी एका जागी बसायच्या त्या तेवढ्याच.

दवाखान्यातून घरी येईपर्यंत तिला कळून चुकलं होतं, उंदरांचे कण तिच्या वेणीतून घरी येत होते. चपला काढता काढता तिचा संयम सुटला.

“आई, खरं सांगा. वेणी घालतानाच धाप लागायची ना?”

सासूबाई चष्मा पुसत राहिल्या. “लागायची थोडी.”

“मग पहाटे, पहाटे काय लावलं होतंत? मी तुमची गादी फेकली!”

“गादीचं काय घेऊन बसलीस? खरं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहू द्या आई, माझी मी घालते. मग तू घरी आलीस की सरळ त्या अभ्यासाच्या टेबलाशी. मी कोणाशी बोलायचं?”

“आणि श्वास अडकला असता म्हणजे?”

“अडकला नाही ना?”

परीक्षक परवडले, त्यांना निदान पुरावा दाखवता येतो. तिला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. आता ती उंदरांची खोली मी सोडतेच, असं ती म्हणाली, तेव्हा सासूबाईंनी तिला तिथेच गप्प केलं. “काम सोडायचं नाव काढलंस तर बघ. मी काय उगाच धापा टाकल्या इतके दिवस?”

दुसऱ्या दिवशी तिने केस मानेपर्यंत कापले. टोपी पहिल्यांदाच कानांपर्यंत नीट बसली. काम आटोपल्यावर संस्थेतच डोक्यावरून अंघोळ करून, कपडे बदलून ती घरी आली. सासूबाईंनी दार उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि कानांना गार लागेल, एवढंच म्हणाल्या.

हळूहळू धाप कमी झाली. नणंदेने फोनवर पहिल्यांदाच वहिनीच्या विज्ञानाचं कौतुक केलं.

संध्याकाळी आली की ती अजूनही नेहमीच्या जागी, सासूबाईंकडे पाठ करून बसते. त्या एकदा तिच्या मानेवरून हात फिरवतात आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवतात. आज काय झालं, विचारतात. ती सांगते. लगेच बोलणं संपतं. हात चालायचे म्हणून तोंडं चालायची, हे आता दोघींनाही कळलंय. तरी कुणी उठत नाही. सासूबाईंचा श्वास इतका मोकळा चालतो, की ऐकूसुद्धा येत नाही.