पुडीतलं येसर

"मीठसुद्धा पाठवलंय!" मी ओरडलेच. "अवो, ऐकलं का? पुण्याहून मिठाची पुडी आलीय. आपलं किराणा दुकान, अन् आपल्याच घरात मिठाची पुडी! वडवणीतलं मीठ संपलं का काय?"

दुकान पुढे, घर मागे. आमच्या ह्यांना गिऱ्हाईक नसलं तरी ऐकू येत नाही.

खोक्यावर माझं नाव ठसठशीत होतं, गंगासागर चन्नप्पा. पाठवणारा माझाच मुलगा, केदारनाथ. माझा उजवा हात मोडून प्लॅस्टरमध्ये गेल्यापासून शेजारची वनमाला भाकरी थापून देते, कालवणाचं मी डाव्या हाताने निभावते. काही अडलं नव्हतं. खोक्यावर छापलेलं, 'येसर आमटी, दोघांसाठी'. आत तेलाची पुडी, तिखटाची पुडी, सोललेला लसूण, सुकलेली कोथिंबीर आणि एवढुसं येसर.

येसर! दर उन्हाळ्यात ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने खमंग भाजून मी ते दळते आणि डबा भरून एसटीने त्याला पाठवते. आणि त्याने मला विकतचं पाठवावं? तळपायाची आग मस्तकात गेली. फोन लावला.

"आई, चिडतीस कशाला? पाच मिन्टात होतं. आमी पण आता हेच आणतो. तू उगी चुलीपुढं भाजत बसू नको. यंदा येसर पाठवूच नको."

"कावून? माझ्या येसराला किडे पडले का?"

"तसं न्हाई गं. शिवानी म्हणती, चव सारखीच लागती."

सारखीच! सूनबाईंनी निकाल देऊन टाकला. मी फोन आपटला आणि ठरवलं, आता करायचंच. करायचं आणि ह्यांच्या ताटात वाढायचं. लग्न झाल्यापासून ज्या माणसाने माझ्या आमटीचा थेंब टाकला नाही, तो पहिल्याच घासाला ताट बाजूला सारणार. मग केदारनाथला चांगलं ऐकवते!

आमटीला उकळी आली, पण भाजल्या धन्यांचा वास काही सुटला नाही. म्हटलं, बरंच झालं.

हे आले. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं, त्याला ताटाचा नैवेद्य दाखवला, भाकरी चुरली. मी समोर बसून वाट बघत राहिले. पहिला घास गेला, दुसरा गेला. ताट संपलं. मग त्यात पाणी ओतलं, बोटाने फिरवलं आणि पिऊन टाकलं. रोजच्यासारखं. अन्नाचा कण वाया घालवायचा नाही, ही आम्हा लिंगायतांची रीत. पण मी खुळी आजवर त्याला माझ्या हाताची दाद समजत आले होते.

"कशी झालती?"

"काय?"

"आमटी! त्या खोक्यातली हाय ती."

"असंल."

"माझ्यासारखी लागली का?"

"आगं, लिंगाला दाखवलं की परसाद झाला. परसादात बरं-वाईट कावून बघायचं?"

"म्हंजे माझ्या आमटीतबी कधी बघितलं न्हाई?"

"आत्ता! कधी टाकली का तुझी आमटी?" म्हणाले, आणि टॉवेलला तोंड पुसत दुकानात गेले.

मला लई रडू आलं. भांडायचं तरी कुणाशी? ज्याने कधी नाव ठेवलं नाही, त्याच्याशी?

ताट लख्ख होतं. घासलं नसतं तरी चाललं असतं. मी मोरीत बसले, प्लॅस्टरचा हात गुडघ्यावर ठेवला आणि डाव्या हाताने ते घासायला घेतलं.