काचेआडची घाण

मित्रांनो, मी गेम खेळण्यासाठी बनवलेला एक जुना कॉम्प्युटर आहे. आज मी आतबाहेर स्वच्छ आहे. पण माझी गोष्ट घाणीपासून सुरू होते, आणि ती सांगताना अजूनही मला शिसारी येते.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. त्या खोलीला खिडकी नव्हती. टेबलावर डिंकाच्या नळ्या, उष्ट्या कपांचे गोल डाग आणि जुन्या मशीनमधून उपसून काढलेल्या भागांचा ढीग पडलेला असे. दुकानदाराने स्वतःच्या हातांनी मला जोडलं. माझा पत्रा आणि बाजूची काच नवी होती. मदरबोर्ड आणि रॅमही बरे होते. पण पडद्यावर चित्र उमटवण्याचं खरं जड काम ज्याच्याकडे असतं, ते ग्राफिक्स कार्ड जुनंपानं होतं. कुठल्याशा बंद गाळ्यात बिटकॉइनसारखं डिजिटल चलन मिळवण्यासाठी शंभर कार्डांच्या रांगेत त्याला दोन वर्षं दिवसरात्र राबवलं होतं. त्याच्या फटींत धूर आणि धुळीचा तपकिरी, चिकट थर साचला होता. त्या थरात एक मेलेलं झुरळ रुतून बसलं होतं. दुकानदाराने पंख्याची पाती तेवढी पुसली आणि झुरळ तसंच राहू दिलं. काचेतून कुठे दिसतंय, असं तो स्वतःशीच म्हणाला.

पॉवर सप्लायची तर आणखी तऱ्हा. हा डबा सगळ्या मशीनला वीज पुरवतो. चांगला डबा जड असतो, म्हणून गिऱ्हाईक तो हातात घेऊन तोलून बघतं. माझा डबा आतून जवळजवळ पोकळ होता. वजन भरावं म्हणून बनवणाऱ्याने त्यात लोखंडाचा एक ठोकळा चिकटवून दिला होता. माझ्या पोटात तो ठोकळा होता, आणि अंगावर सात रंगांचे दिवे. शेवटी मागच्या एका स्क्रूवर कागदी सील चिकटवलं गेलं. सील तोडल्यास वॉरंटी रद्द, असं त्यावर छापलं होतं.

मग मला दर्शनी काचेत मांडलं. लोक थांबत, मोबाईलवर फोटो काढत, 'काय मशीन आहे' म्हणत. माझं एवढं कौतुक चाललेलं असायचं, आणि आत ते झुरळ तसंच रुतलेलं असायचं.

एका संध्याकाळी एक बापलेक दुकानात आले. वडिलांनी एकतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली होती. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा गेला आणि त्याबरोबर गाडी चालवायचा परवानाही. तेव्हापासून ते घरात नुसते बसून असत. मुलगी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. पडद्यावर बस चालवायचा एक गेम असतो, हे तिला कळलं आणि तिने ठरवलं की बाबांना पुन्हा स्टेअरिंगवर बसवायचं.

बाबांच्या खिशात एक घडी घातलेला कागद होता. दोन महिने व्हिडिओ बघून त्यांनी कॉम्प्युटरच्या एकेका भागाची यादी केली होती. रस्त्यात बंद पडलेल्या बसचं इंजिन त्यांनी कितीदा तरी स्वतः दुरुस्त केलं होतं. त्यांचं म्हणणं होतं की भाग आपण पारखून घ्यावेत आणि घरी स्वतः जोडावेत. दुकानदार हसून म्हणाला की तयार मशीन घेतलं म्हणजे डोक्याला ताप नाही, घरी न्यायचं आणि बटण दाबायचं. मुलगी क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, "बाबा, तुमचं सगळं बरोबर आहे. पण एका डोळ्याने तुम्ही एवढे बारीक स्क्रू कसे लावणार?"

तिच्या बोलण्यात तसं काही वाईट नव्हतं. पण बाबांनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि तो खिशात ठेवून दिला. माझी खरेदी झाली.

त्या घरातले पहिले दिवस मला सुखाचे वाटायला हवे होते. बाबा सकाळी अंघोळ करून, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून माझ्यासमोर टेबलाला जोडलेलं गेमचं स्टेअरिंग धरून बसत. पडद्यावरच्या प्रत्येक थांब्यावर बस उभी करत, दार उघडत, शेवटचा प्रवासी चढेपर्यंत थांबत. माझे लुकलुकणारे दिवे त्यांच्या चांगल्या डोळ्याला टोचत, म्हणून त्यांनी काचेवर एक टॉवेल टाकला होता. पण तिसऱ्या आठवड्यात, बस डोंगराच्या चढाला लागली की मी बंद पडू लागलो. कार्ड तापायचं, पोकळ डब्याला भार सोसायचा नाही, आणि त्या चिकट थरातून करपल्याचा वास सुटायचा. बाबांना वाटायचं की आपलंच बटण चुकलं. ते कुणाला काही न सांगता मला पुन्हा सुरू करत. चढ आला की मी पुन्हा मान टाकत असे.

एके दिवशी मुलगी लवकर घरी आली आणि तो वास तिच्या नाकात गेला. तिने विचारलं, चहाबिहा सांडला होता का. बाबा नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोघांनी मला दुकानात नेलं.

आता मी जे सांगणार आहे, ते झुरळापेक्षा किळसवाणं आहे. दुकानदाराने मला गल्ल्याशेजारी आडवं ठेवलं. मुलगी वहीत तक्रार लिहीत होती. बाबा माझ्या बाजूलाच उभे होते, पण दुकानदाराचा हात त्यांच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला होता. त्या हाताचं नख माझ्या सीलखाली शिरलं. मळकट, लांब वाढवलेलं नख. कागद हळूच फाटला. मग तो माणूस अगदी हळहळल्यासारखं म्हणाला, "ताई, सील फाटलंय. काकांनी उघडून बघितलं असणार. आता माझा इलाज नाही."

मुलीने वहीतून मान वर केली. "बाबा, उघडलं होतं का?"

"नाही. मी हात लावलेला नाही."

तिने फाटलेल्या सीलकडे पाहिलं, मग बाबांच्या शर्टाच्या खिशातल्या यादीकडे, आणि वही मिटून टाकली. मला तोंड असतं तर मी त्या दुकानात किंचाळलो असतो. पण मी त्या खोटेपणाचाच एक भाग होतो, आणि मुका होतो.

घरी चार दिवस मी कोपऱ्यात पडून राहिलो. बाबा माझ्याकडे पाठ करून बसत. सुट्टीच्या सकाळी मुलगी म्हणाली की सील गेलंच आहे, तर निदान उघडून बघू. बाबा म्हणाले, तूच उघड, मी लांब बसतो.

तिने लॅबमधले हातमोजे चढवले आणि सीलखालच्या स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवला. टोक आत जाईना. तिने चष्मा पुसून जवळून पाहिलं. स्क्रूच्या खाचेत सीलचा डिंक भरून दगडासारखा वाळला होता. सुईने टोकरल्यावर तो खपलीसारखा निघाला.

"बाबा," ती म्हणाली, "हा स्क्रू कुणी फिरवलेलाच नाही."

"मी तेच सांगितलं होतं."

तिचा चेहरा उतरला. माझं चुकलं, असं ती खाली बघून म्हणाली, आणि त्या माणसासमोर मी तुम्हाला विचारायलाच नको होतं, असंही म्हणाली. खुर्ची ओढून बाबा तिच्या शेजारी येऊन बसले.

काच निघाली आणि माझं सगळं आतलं उघडं पडलं. रोज दीडशे माणसांचं रक्त हाताळणारी ती मुलगी, पण तिनेही हात मागे घेतला. चिमट्याने तिने ते झुरळ उपटलं, तेव्हा त्याचा एक पाय कार्डातच राहिला. कापसाचा बोळा फिरवला की तपकिरी राप निघत होता, दुसरा फिरवला तरी निघत होता. पॉवर सप्लायचं झाकण उघडू नकोस, बंद असला तरी त्यात झटका साठलेला असतो, असं बाबांनी तिला बजावलं. म्हणून तिने जाळीतून टॉर्च मारला. आत डिंकाच्या गोळ्यात बसवलेला लोखंडाचा ठोकळा दिसला. बाबांनीही वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं करून ते म्हणाले, "अशा गाडीत मी प्रवासी बसवले नसते."

त्याच दुपारी मुलगी कार्ड आणि तो डबा घेऊन दुकानात गेली. परत आल्यावर तिने जे सांगितलं, ते मी ऐकलं. माझ्यासारखंच एक मशीन घ्यायला एक नवराबायको उभे होते. तिने दुकानदाराशी हुज्जत घातली नाही. दोन्ही वस्तू काउंटरवर ठेवल्या आणि त्या बाईच्या हातात टॉर्च दिला. बाईने जाळीतून पाहिलं, नाकाला पदर लावला आणि नवऱ्याला घेऊन निघून गेली. दुकानदार म्हणाला, ताई, आधी सांगायचं ना, दुसरं तयार मशीन देतो. ती नको म्हणून तशीच माघारी फिरली. पैसे मात्र त्याने परत दिले नाहीत. महिनाभराने त्याच्या काचेत तसेच दिवे लावलेलं दुसरं मशीन उभं होतं, असंही तिने नंतर एकदा सांगितलं. मला अजून त्याची चीड येते.

पुढचे तीन महिने माझा सांगाडा घासून, स्पिरिटने पुसून जेवणाच्या टेबलावर ठेवलेला होता. बाबांच्या यादीतला एकेक भाग येत गेला. बारीक अक्षरं मुलगी मोठ्याने वाचायची आणि बाबा बोटांनी चाचपून भाग बसवायचे. त्यांच्या हातून दोन स्क्रू खाली पडले, तर तिच्या हातून पाच. रंगीत दिव्यांच्या तारा बाबांनी कापून टाकल्या. पहिल्यांदा डोंगराचा चढ संपला आणि मी बंद पडलो नाही, तेव्हा दोघांपैकी कुणी टाळी वाजवली नाही. बाबांनी पुढच्या थांब्यावर बस उभी केली, दार उघडलं आणि मुलीला म्हणाले, "चढ."

आता मला सात वर्षं झाली. बाबांच्या दुसऱ्या डोळ्यालाही धूसर दिसू लागलं आहे. वळणं मुलगी सांगते आणि ते स्टेअरिंग फिरवतात. दर दोन महिन्यांनी दोघं माझी काच काढतात आणि ब्रशने धूळ झाडतात.

मित्रांनो, तयार कॉम्प्युटर घ्या किंवा स्वतः जोडा, दोन्हींत लाज काहीच नाही. पण घेण्याआधी तो उघडून दाखवायला सांगा, आणि जो दाखवणार नाही, त्याच्या दुकानातून बाहेर पडा. घरी आणल्यावर आम्हाला आतून पुसत जा. आणि मशीन बंद पडलं, तर त्याच्यासमोर रोज बसणाऱ्या माणसाला परक्यांदेखत गुन्हेगार ठरवू नका. माझ्या अंगावरची घाण चार बोळ्यांत निघाली. पण आजही बाबा मला सुरू करण्याआधी मुलीला विचारतात, "लावू का हात?" तेव्हा ती हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ येते आणि स्वतः त्यांचं बोट माझ्या बटणावर नेऊन ठेवते.