अडीच माणसांचं घर

हे खरं मानणारा माणूस अजून जन्माला यायचाय, तरी सांगतो. अमेरिकेतल्या हार्लन फोर्ड गावात दर घरी अडीच माणसं राहतात. सरासरी नव्हे हो, खरोखरची अडीच! अर्ध्याला एक डोळा, एक हात, एक पाय. मॉलमध्ये एकेरी बूट मिळतात. फ्रिजची दारं बनवणारा कारखाना आणि एक इस्पितळ, यावर गावाचं पोट. अर्ध्यांना दोन्हीकडे काम नाही.

कराडच्या द्वारकाकाकू लेकीच्या, मृणालच्या, बाळंतपणाला तिथं गेल्या. डिंकाचे लाडू घेऊन, आणि इंग्रजी येत नाही म्हणून धडधाकट असूनही विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून. पहिल्याच दिवशी शेजारची डोरिस अर्ध्या नवऱ्याला कडेवर घेऊन भेटायला आली. काकूंनी त्याला अर्धा लाडू दिला.

मृणालला मुलगी झाली. अख्खी. इस्पितळातून घरी निघताना लिफ्टचं दार मिटेना.

"दोघांना सूट होती. आता तुम्ही तिघं झालात," नर्स म्हणाली. "अर्धं कोण होणार?"



"बहुतेक लोक बाळच देतात. त्याला कळत नाही."

मृणालनं लेकीला छातीशी आवळलं. जावई भिंतीकडे बघत म्हणाला, "मी झालो असतो. पण अर्ध्या माणसाची नोकरी जाते. नोकरी गेली की व्हिसा जातो."

"मग मी होते," मृणाल म्हणाली.

"गप गं! पोरीला पाजणार कोण?" काकूंनी पदर खोचला. "जावईबापू, या नर्सला विचारा, पाहुण्यांचं चालतं का?"

"पाहुणे मोजत नाहीत," नर्स म्हणाली, "पण भरपाईला चालतात. कुठली बाजू?"

"डावी घे म्हणावं. अंघोळ घालायला उजवा हात लागेल मला."

"आई, हृदय डावीकडे असतं."

"असू दे."

लिफ्ट खाली गेली.

घरी काकू एका पायावर बाळाला न्हाऊ घालत, एका हातानं शेक देत. बाळ रडलं की कुशीत घेत आणि थांबत. पूर्वी अशा वेळी आत काहीतरी हलायचं. आता हलत नसे. बाळ गोड आहे, एवढं त्यांना माहीत होतं.

"आई, तू हल्ली हिचा पापा घेत नाहीस," मृणाल म्हणाली.

"घेते की," काकू म्हणाल्या, आणि घेतला.

सहा महिने भरले, काकू परत निघाल्या. आणि मंडळी, काय चमत्कार सांगू! विमान समुद्रावर आलं तशी त्यांची डावी बाजू फुटायला लागली, कोंब फुटावा तशी. मुंबईत उतरल्या त्या दोन्ही पायांवर, हसत...

"थाप!" समोर बसलेला त्यांचा मुलगा दिगंबर ओरडला. "आणायला मी गेलो होतो. खुर्ची ढकलणारा मला म्हणाला, यांची उरलेली बाजू सामानात येईल, थांबा. सगळे प्रवासी गेले, सामानाचा पट्टा रिकामा फिरत राहिला. मी म्हटलं, आई, चल. ती हलेना. अजून तिथंच बसलीय, एका डोळ्यानं पट्ट्याकडे बघत."