एकोणीस-सीचे पांढरे टाके

मी एकोणीस-सी बोलतेय. विमानातली वाटेच्या कडेची सीट. ज्यांना विमान थांबताक्षणी सगळ्यांच्या आधी उठून उभं राहायचं असतं, ते मला जास्तीचे पैसे भरून मागून घेतात. उठून करतात काय, तर दार उघडेपर्यंत मान वाकडी करून उभे राहतात.

माझा जन्म परदेशातला. पण बारा वर्षं इथल्या लोकांचं वजन पेलतेय आणि रोज दोनदा पुण्यात उतरते, त्यामुळे जीभ पुणेरी झाली आहे. गोड बोलणं जमत नाही, तुम्हीही अपेक्षा ठेवू नका.

नवी होते तेव्हा निळीशार होते. लोक बसण्याआधी हात फिरवून बघायचे. मग एकेक सुरू झालं. पाठ मागे जाईना, हाताच्या दांड्याचं टोपण गेलं, समोरचं टेबल एका बाजूला कललं. दर वेळी इंजिनिअर यायचा, बघायचा आणि वहीत लिहायचा, ‘पुढच्या मोठ्या तपासणीत.’ मोठी तपासणी यायची. इंजिन बघायचे, पंख बघायचे, ते बघायलाच हवेत. माझ्यापर्यंत पोचेतो विमानाची निघायची वेळ झालेली असायची.

एकदा दिल्लीत विमान दीड तास जागच्या जागी उभं राहिलं. माझ्यावर एक तरुण बसला होता, गळ्यात त्याच्या ऑफिसच्या ओळखपत्राचा पट्टा. त्याने गाडीची किल्ली काढली आणि फोनवर बोलता बोलता माझी कड टोकरत बसला. “ब्रो, या लोकांचा मेंटेनन्स म्हणजे जोक आहे,” असं तो कुणाला तरी सांगत होता. बोलणं संपलं तेव्हा मी वीतभर फाटले होते. त्याने ते पाहिलं आणि मांडी सरकवून झाकलं.

एकदा भोक पडलं की त्यात काहीतरी कोंबल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. बिस्किटांचे कागद, हात पुसलेले रुमाल, पोराच्या तोंडातून काढलेलं चॉकलेट. शिकलेसवरले, इस्त्रीच्या कपड्यातले लोक, आणि लाज म्हणून नाही.

ते सगळं उपसायचं शालूने. शालू लोहगावची, ठेकेदाराकडे विमानाच्या सफाईला. विमान उतरून पुन्हा उडायच्या आत त्यांना बारा मिनिटं मिळतात आणि तिच्या एकटीच्या वाट्याला दहा रांगा. त्यातली तीन मिनिटं माझ्या पोटात हात घालण्यात जायची. मग मागच्या रांगा राहायच्या, कुणीतरी तक्रार करायचं आणि शेरा बसायचा शालूच्या नावावर. दोन शेरे झाले होते. तिसऱ्याला पास जमा, म्हणजे नोकरी संपली.

तिने सुपरवायझर इंद्रजीतला आणून दाखवलं. “साहेब, ही सीट फाटलीय. मी रोज किती उपसायचं? कायतरी करा की.”

“तीनदा लिहून दिलंय, शालूताई. तपासणीत करतील.”

“तवर माझा तिसरा शेरा व्हतोय.”

इंद्रजीत वाईट माणूस नाही. त्याने घड्याळ बघितलं आणि तो पुढे गेला.

त्याच आठवड्यात माझ्या समोरच्या खिशात शालूला एक पुडी सापडली. मोठ्या हॉटेलात ठेवतात तसली, सुई, पांढरा दोरा आणि दोन बटणं. सापडलेली वस्तू जमा करायची असा नियम आहे. शालूने पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गुडघ्यावर बसली. रेक्झिन जाड, सुई नाजूक. आत जाईना तेव्हा तिने ती गळ्यातल्या पासच्या कडेने रेटली. गोधडीला घालतात तसा धावदोरा, टाके बारीक आणि एका रेषेत. चार मिनिटांत मी मिटले. बारा वर्षांत मला कुणी नीट केलं ते तेवढंच. मला रडू आलं असतं, पण आमच्यात ती सोय नाही.

पंधरा-वीस दिवस सुखाचे गेले. कोंबायला जागाच नव्हती. शालूच्या दहाही रांगा वेळेत व्हायच्या.

मग आप्पासाहेब आले. सदाशिव पेठेतले, निवृत्त, दुसऱ्याची चूक दिसली की चेहरा उजळणारे. त्यांनी चष्मा पुसला, माझा फोटो काढून विमान कंपनीच्या पानावर तक्रार म्हणून टाकला आणि खाली लिहिलं, ‘विमानात गोधडी. उशी घरून आणावी काय, ते कळवावे.’ शेजाऱ्याला मोठ्याने वाचूनही दाखवलं. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. चारच दिवसांत तो फोटो इतका फिरला, की माझ्यावर बसणारे माझ्याबरोबर फोटो काढायला लागले.

नऊ महिने मी फाटकी होते तेव्हा विमान कंपनीला सवड नव्हती. शिवलेली दिसले आणि आठवड्याच्या आत चौकशी आली. पुढे अधिकारी उत्कर्षा मॅडम, मागे इंद्रजीत, आणि सफाई अर्धी टाकून आलेली शालू.

“हे तुम्ही शिवलंत?”

“हो मॅडम. लोक कचरा कोंबायचे.”

“सीटचं मटेरिअल फायर-टेस्टेड असतं. साधा दोरा चालत नाही, इट्स अ सेफ्टी इश्यू. आणि सुई कुठून आली?”

“हितंच खिशात घावली.”

“म्हणजे सापडलेली वस्तू जमा केली नाहीत.”

मॅडमचं काही खोटं नव्हतं. पण नऊ महिने माझ्या पोटात कोंबलेला कागद काय आग विझवणारा होता? हे विचारू शकणारा एकच माणूस तिथे होता. शालूने त्याच्याकडे पाहिलं. “साहेब, तुमी सांगा की. तुमाला दाखवलं हुतं ना मी.”

इंद्रजीत खाली बघत म्हणाला, “शिवा असं मी म्हटलं नव्हतं.”

तेही खोटं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि तीसुद्धा सगळ्यांनी खरं बोलून. शालूने पास काढून इंद्रजीतच्या हातात दिला. “सोळाव्या रांगेपर्यंत झालंय,” ती म्हणाली. “फुडचं राहिलंय, कुणालातरी धाडा.”

दुपारी इंजिनिअर आला. एकेक टाका कात्रीने तोडला, चिमट्याने ओढून काढला आणि वहीत लिहिलं, ‘सीट पूर्ववत केली.’ पूर्ववत म्हणजे फाटकी. वर चिकटपट्टी लावली, ती दुसऱ्या दिवशी निघाली.

गेल्या महिन्यात आप्पासाहेब पुन्हा माझ्यावरच बसले. शेजाऱ्याला त्यांनी फोनवरचं कंपनीचं पत्र दाखवलं. ‘आपल्या तक्रारीची दखल घेऊन संबंधितांवर कारवाई करण्यात आली आहे.’

“बोललं की काम होतं बघा,” ते म्हणाले. “आपले लोक बोलतच नाहीत.” मग त्यांनी काजू संपवले, रिकामं पाकीट कुठे टाकावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या भोकात सारलं.

पुढच्या वर्षी मी भंगारात निघणार आहे. नवं कापड घाला असं आता कुणाला म्हणत नाही. फक्त लोहगावात कुठे शालू भेटली, तर तिला एवढं सांगा, की तिचे टाके उसवले नव्हते, ते कापावे लागले.